वाचकांचे प्रश्न : एंड्युरोसाठी ई-माउंटन बाइक निवडताना

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत अकराव्या मजल्यावर राहतो. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ८५ किलो. साध्या हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेल्या) माउंटन सायकलवर येऊरचा रस्ता नियमित चढतो. आता एंड्युरोची ओढ लागली असून, पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली ई-माउंटन बाइक घेण्याचा विचार आहे. सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतल्या वाटा आणि वर्षातून एखादी हिमाचलची फेरी, असा वापर राहील. विक्रेत्याने १०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क (मोटरचा फिरवण्याचा जोर), ८०० वॉट-अवरची बॅटरी आणि १७० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचे अंतर) असलेले मॉडेल सुचवले आहे. या आकड्यांना किती महत्त्व द्यावे?
— एक वाचक, वाघबीळ, ठाणे

उत्तर : एंड्युरो या डोंगरी सायकल-शर्यतीच्या प्रकारात घड्याळ लागते ते उताराच्या टप्प्यांना. टप्प्याच्या माथ्यापर्यंतची चढण ठरलेल्या मुदतीत पार करायची असते, पण तिची वेळ निकालात धरली जात नाही. २०१३ साली सुरू झालेली एंड्युरो वर्ल्ड सिरीज याच सूत्रावर चालली आणि २०२३ पासून ती आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या विश्वचषकात सामील झाली. ई-बाइकच्या स्पर्धांमध्ये चढाचेही काही टप्पे वेळेवर मोजले जातात, परंतु आपल्या पत्रावरून आपल्याला स्पर्धेपेक्षा वाटेची ओढ अधिक दिसते. मोटर केवळ पॅडल मारताना आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करते. उतारावर वेग त्यापुढे गेला की ती मुकाट बसते आणि तिचे व बॅटरीचे वजन मात्र आपल्या ब्रेकवर, टायरवर आणि हातांवर येते. म्हणून विक्रेत्याने ज्या आकड्यापासून सुरुवात केली, तो मी सर्वांत शेवटी पाहीन.

आधी सायकल कोठे फिरणार ते पाहू. येऊरचा गावापर्यंतचा डांबरी रस्ता आपल्या परिचयाचा आहेच. त्याच्या दोन्ही बाजूंचे जंगल मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तेथे परवानगीवाचून शिरता येत नाही. सायकल विजेची आहे की पायाची, याने त्यात काही फरक पडत नाही. घराजवळचा चढ रस्त्यावर आणि खरा उतार गाडीत सायकल घालून दूर गेल्यावर, अशीच आपली विभागणी राहणार. अशा वापराला पुढे १६० आणि मागे १५० मिलिमीटरच्या आसपासचे ट्रॅव्हल पुरेसे आहे. १७० मिलिमीटरची सायकल मोठ्या दगडांच्या, वेगवान, तीव्र उतारावर निःसंशय अधिक माफ करते, पण ते उतार वर्षातून काही दिवस भेटणार आणि उरलेले वर्षभर तीच सायकल सपाट वळणावर जड वाटणार. आपले वजन आणि सायकलचे २४-२५ किलो लक्षात घेता जास्तीच्या १० मिलिमीटरपेक्षा ३८ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा फोर्क (पुढचे सस्पेन्शन) घेणे मला शहाणपणाचे वाटते. जोरात ब्रेक मारताना तो कमी वाकतो आणि पुढचे चाक नेमलेल्या रेषेवर राहते.

ट्रॅव्हलइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, फ्रेमची भूमिती महत्त्वाची आहे आणि दुकानात तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) ६४ ते ६४.५ अंशांचा असावा. त्याहून कलती सायकल तीव्र उतारावर स्थिर राहते, पण हळू चढताना तिचे पुढचे चाक इकडेतिकडे भरकटते. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन ७६ ते ७८ अंश असेल तर तीव्र चढावर शरीराचे वजन पुढे राहते आणि चाक उचलले जात नाही. मोटरच्या जोरावर आपण पूर्वी कधी न चढलेले चढ चढणार असल्याने ही बाब ई-बाइकमध्ये साध्या सायकलपेक्षाही जास्त जाणवते. आपल्या उंचीला ४५५ ते ४७५ मिलिमीटर रीच (पॅडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर) साधारणपणे बसते. फ्रेमवरचे मीडियम-लार्ज हे शिक्के कंपनीगणिक बदलतात, तेव्हा त्यांच्यावर न जाता रीचचा आकडा मागून घ्यावा. क्रँक (पॅडलचे दांडे) १६० किंवा १६५ मिलिमीटरचे असावेत, कारण बसाल्टच्या पायऱ्यांवर पॅडल मारत चढताना लांब क्रँक दगडावर आपटतात. मागचे चाक २७.५ आणि पुढचे २९ इंचांचे, ही जोडी वळणांत चपळ असते. दोन्ही २९ असले तरी आपल्या उंचीला अडचण नाही.

ब्रेक चार पिस्टनचे आणि डिस्क दोन्हीकडे निदान २०० मिलिमीटरची, यात तडजोड करू नये. सायकल आणि स्वार मिळून ११० किलोंच्या घरात जात असताना लहान डिस्क लांब उतारावर तापतात आणि लिव्हर हळूहळू मुठीपर्यंत येऊ लागतो. टायरच्या बाबतीत कंपन्या हात आखडता घेतात. नव्या सायकलला बहुधा हलक्या कडांचे टायर लावलेले असतात. मागचा टायर जाड, दुहेरी कडांचा घ्यावा आणि ट्यूबलेस करून घ्यावा. बॅटरी एका मापाने लहान घ्यावी लागली तरी चालेल, पण हा खर्च टाळू नये. फ्रेम कार्बनची की ॲल्युमिनियमची, हा प्रश्न आपण विचारलेला नाही आणि ते बरेच झाले : ॲल्युमिनियमची घ्यावी आणि वाचलेले पैसे ब्रेक व शॉककडे (मागच्या सस्पेन्शनकडे) वळवावेत.

आता बॅटरी. आपण, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून ११५ किलो धरले, तर १,००० मीटर उंची चढायला केवळ गुरुत्वाविरुद्ध ३१३ वॉट-अवर ऊर्जा लागते. त्यातील दोन-तृतीयांश मोटरने दिली, मोटर आणि गिअरमधली तूट धरली, आणि खडबडीत वाटेवरच्या घर्षणाची भर घातली, तर बॅटरीतून सुमारे ३०० ते ३५० वॉट-अवर जातात. याचा अर्थ ६०० ते ६३० वॉट-अवरची बॅटरी मधल्या मोडवर दिवसाला १,७०० मीटरच्या आसपास चढवते. संजय गांधी उद्यानातला सर्वोच्च माथाही समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आत आहे, यावरून आपल्या घरच्या चढांचा अंदाज यावा. हिमाचलात मोठे दिवस निघतील, पण तेथेही सतत टर्बो (सर्वाधिक मदतीच्या) मोडवर जायचे नसेल तर ८०० वॉट-अवरची गरज नाही. मोठ्या बॅटरीबरोबर येणारा सुमारे एक किलो मात्र रोज सोबत राहतो.

बॅटरीच्या क्षमतेपेक्षा ती फ्रेममधून काढता येते का, हा प्रश्न आपल्यासाठी मोलाचा आहे. ही सायकल सुमारे दोन मीटर लांब असते आणि इमारतीच्या साध्या लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी केल्याशिवाय मावत नाही. चिखलाने माखलेली सायकल रोज अशी वर नेणे शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही अवघड. बॅटरी काढता येत असेल तर सायकल खाली पार्किंगमध्ये साखळीने बांधून बॅटरी तेवढी घरी नेता येते, आणि गाडीच्या मागच्या कॅरिअरवर चढवताना तीन-चार किलो वजनही कमी होते. विमानाच्या बाबतीत मात्र याचा उपयोग नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी हातातल्या किंवा चेक-इन सामानात नेता येत नाही, त्यामुळे हिमाचलची फेरी रस्त्यानेच करावी लागेल. परदेशातल्या नातेवाइकांकडून सायकल मागवण्याचा मोह अनेकांना होतो, तोही येथेच अडकतो.

राहिली मोटर. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स आणि शिमानोची ईपी८०१ या दोन्ही वर्षानुवर्षे ८५ न्यूटन-मीटरच्या म्हणून विकल्या गेल्या. डीजेआयच्या अविनॉक्सने २०२४ मध्ये १०५ चा आकडा मांडला आणि नंतर बॉशनेही सॉफ्टवेअर बदलून सीएक्सच्या नव्या पिढीला १०० पर्यंत नेले. ८५ न्यूटन-मीटरवर जो चढ टायरची पकड सुटल्यामुळे जमत नाही, तो १०५ वर बहुधा आणखी लवकर सुटतो. टॉर्कच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात. पॅडल थांबल्यावर मोटर क्षणभर ढकलत राहते का, हे पाहावे, कारण दगडी पायरीवर तोच क्षण चाक वर नेतो. आणि भर उन्हात लांब चढ चढताना मोटर तापून मदत कमी करते का, हेही पाहावे. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत याची परीक्षा आपोआप होते.

कायद्याबाबत एवढेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, मदत ताशी २५ किलोमीटरला किंवा पॅडल थांबताच बंद होत असेल आणि ब्रेक व पुढे-मागे परावर्तक बसवलेले असतील, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. वेगमर्यादा उठवणारे उपकरण बसवून देण्याची तयारी कोणी दाखवल्यास नम्रपणे नकार द्यावा. त्याने वॉरंटी जाते आणि सायकलचा कायद्यातील दर्जाही जातो.

खरेदीपूर्वीचा शेवटचा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा : मोटर बंद पडल्यास ती तपासण्याचे संगणकीय उपकरण मुंबई परिसरात कोणाकडे आहे, आणि बदली मोटर येईपर्यंत किती आठवडे लागतील? या मोटरी सहसा आतून उघडून दुरुस्त केल्या जात नाहीत, पूर्ण बदलल्या जातात. छोट्या मोटारगाडीच्या किमतीची वस्तू घेताना या उत्तरात चाचरणाऱ्या दुकानातून १०५ न्यूटन-मीटर घेण्यापेक्षा ठाम उत्तर देणाऱ्या दुकानातून ८५ घ्यावेत.

प्रश्न : माझी उंची १५७ सेंटिमीटर व वजन ५२ किलो आहे. मैत्रिणींबरोबर खारघरच्या टेकडीवर सायकल चालवते. त्यांच्याकडे पूर्ण ताकदीच्या ई-बाइक आहेत. मीही तशीच घ्यावी की हलकी?
— एक वाचिका, सेक्टर २०, खारघर

उत्तर : आपण हलकी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ५२ किलोंच्या व्यक्तीने २५ किलोंची सायकल वळवणे म्हणजे आपल्या जवळजवळ निम्म्या वजनाशी झगडणे होय. ती पडल्यावर चिखलातून उचलण्याचा विचार तर वेगळाच. बॉशची एसएक्स ही ५५, फाझुआची राइड ६० ही ६० आणि टीक्यूची एचपीआर५० ही ५० न्यूटन-मीटरची मोटर आहे. त्यांच्यासोबत ३६० ते ४३० वॉट-अवरच्या बॅटरी येतात आणि संपूर्ण सायकल १८ ते २० किलोंत बसते. आपले वजन कमी असल्याने वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ऊर्जाही कमी लागते, त्यामुळे लहान बॅटरी आपल्याला मैत्रिणींच्या मोठ्या बॅटरीइतकी नाही तरी फारशी कमीही पुरणार नाही. त्यांच्याबरोबर चढताना त्यांना टर्बोऐवजी मधल्या मोडवर यायला सांगावे लागेल, इतकेच. यातील काही मॉडेलांची बॅटरी फ्रेममध्ये पक्की बसवलेली असते, तेव्हा चार्जिंगची सोय आधी पाहावी.

आपल्या बाबतीत मागचे चाक २७.५ इंचांचेच हवे. तीव्र उतारावर शरीर मागे नेताना २९ इंचांचे चाक कमी उंचीच्या स्वाराला मागून घासते. शॉक हवेचा घ्यावा, कारण कॉइलच्या स्प्रिंगा आपल्या वजनाला सहज मिळत नाहीत. दुकानातून निघण्यापूर्वी सायकलवर उभे राहून मागचा शॉक २८ ते ३० टक्के दबतो का, हे मोजून घ्यावे आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग) बराच मोकळा ठेवायला सांगावे. कंपनीकडून आलेली मांडणी बहुधा ७५-८० किलोंच्या माणसाला धरून केलेली असते, आणि मग हलक्या व्यक्तीला सस्पेन्शन लाकडासारखे कडक लागते. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या परिसरात प्रवेशबंदी असते. तेव्हा ओल्या खडकांवर उताराचा सराव तेथे करण्याचा बेत आखू नये.

प्रश्न : नेरूळला राहतो. पावसात ई-माउंटन बाइक चालवावी का? धुणे आणि चार्जिंग यांची काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : चालवावी. मोटर आणि बॅटरी पावसाच्या सरी आणि चिखलाचे शिंतोडे सोसतील अशाच बनवलेल्या असतात. पाण्यात बुडणे आणि प्रेशर वॉशरची धार या दोन गोष्टी त्या सोसत नाहीत. धुताना बॅटरी जागेवरच ठेवून साध्या नळाने व ब्रशने धुवावे, मग बॅटरी काढून तिचे संपर्कबिंदू कोरडे पुसावेत. ओली बॅटरी चार्जरला लावू नये. ब्रेक पॅड पावसाळ्यापुरते धातुमिश्रित लावावेत. सेंद्रिय पॅड चिखलात फार लवकर झिजतात. फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस साधारण ५० तासांनी सांगितलेली असते, ती पावसाळ्यात लांबवू नये, आणि मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतली बेअरिंगे सप्टेंबर सरताच तपासून घ्यावीत. महिनाभर सायकल वापरणार नसाल तर बॅटरी ३० ते ६० टक्क्यांवर, सावलीत ठेवावी. चार्जिंग आपण जागे आणि घरी असताना करावे, आणि जिना किंवा बाहेर पडण्याचा दरवाजा अडेल अशा जागी करू नये.

प्रश्न : माझ्याकडे चांगली फुल-सस्पेन्शन सायकल आहे. तिच्या मागच्या चाकात हब मोटर बसवून घेतली तर खर्च वाचेल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : खर्च वाचेल, सस्पेन्शन मात्र वाया जाईल. मागच्या चाकात तीन-चार किलोंची भर पडली की खड्ड्यातून वर उसळलेले चाक जमिनीवर परत यायला उशीर करते आणि शॉक कितीही चांगला असला तरी ते वजन आवरू शकत नाही. शिवाय आपल्या सायकलची फ्रेम आणि ब्रेक त्या जास्तीच्या वजनासाठी आखलेले नाहीत. डांबरी रस्त्याने कळव्याहून कामावर जायचे असेल तर हब मोटर जुन्या हार्डटेलला लावावी. एंड्युरोसाठी आहे ती सायकल मोटरशिवायच चालवावी.