अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या निर्णायक लढाया कोणत्या?

परीक्षेपुरतं हवं असेल तर दोनच नावं पक्की करा: साराटोगा आणि यॉर्कटाउन.

सुरुवात झाली १९ एप्रिल १७७५ला, लेक्सिंग्टन-कॉन्कर्डच्या चकमकींनी. पुढच्या वर्षी नाताळच्या रात्री अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनला इंग्रजांच्या भाडोत्री जर्मन सैन्यावर छापा घातला. लढाई छोटीच, पण खचलेल्या फौजेत जीव आला. हा गनिमी कावा आपल्याला नवा नाही म्हणा!

खरी कलाटणी साराटोगाची. ऑक्टोबर १७७७मध्ये इंग्रजांचा जनरल बर्गॉइन अख्ख्या फौजेसह शरण आला. अमेरिकन बंडखोर जिंकू शकतात हे फ्रान्सला पटलं आणि १७७८मध्ये तो उघडपणे युद्धात उतरला. फ्रेंच आरमाराशिवाय यॉर्कटाउन झालंच नसतं. तिथे समुद्राकडून फ्रेंच, जमिनीकडून वॉशिंग्टन आणि फ्रेंच पायदळ. मधे कोंडलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने १९ ऑक्टोबर १७८१ला शस्त्रं ठेवली. स्वतः मात्र आजारपण सांगून आलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. १७८३च्या पॅरिस तहात स्वातंत्र्य मान्य झालं.

आता पुणेकर म्हणून एक भर. या दोन शरणागतींच्या मधे, जानेवारी १७७९मध्ये, पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी तळेगावजवळ वडगावला कोंडून तह करायला लावला होता. आणि हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला तो मराठ्यांच्याच बाजूने उभा होता.