कुरतडलेल्या पानांची बाग

प्रश्न : पुण्यात आमची गृहनिर्माण संस्था आहे. मागच्या भिंतीलगतच्या दोन गुंठे मोकळ्या जागेत फुलपाखरे आणि मधमाश्यांसाठी बाग करावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत संमत झाला. रोपवाटिकेच्या सल्ल्याने आम्ही पेंटास, दुरांटा आणि रंगीत घाणेरी लावली. फुले भरपूर येतात, फुलपाखरेही येतात, पण ती टिकत नाहीत. लिंबावर अळ्या पडल्यामुळे माळ्याने दोनदा औषध फवारले. आमचे कोठे चुकते आहे?

उत्तर : पेंटासच्या फुलांत मकरंद असतो, म्हणून फुलपाखरे येतात आणि तो पिऊन निघून जातात. अंडी घालण्याजोगे पान त्यांना तुमच्या बागेत लिंबाखेरीज बहुधा कोठेच मिळत नाही, आणि जेथे मिळाले तेथे औषध फवारले गेले. मकरंदाच्या बाबतीत फुलपाखरू फारसे चोखंदळ नसते. परंतु मादी अंडी घालते ती ठरावीक वनस्पतींवरच, कारण तिच्या अळ्यांना इतर पाने पचत नाहीत. अनेक पिढ्यांच्या सहवासातून जुळलेले हे नाते असल्यामुळे देशी झाडांचा आग्रह धरावा लागतो.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. त्याच्या अळ्या लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खातात. लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांवर लिंबू फुलपाखरू वाढते. त्याची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुर्गंध सोडणारे नारिंगी, दुबेळके शिंग बाहेर काढते. माळ्याने जिला कीड समजून मारले, ती बहुधा हीच असावी. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर आणि टाकळ्यावर एमिग्रंट, तर आंब्यावरच्या बांडगुळावर हळदी-कुंकू हे देखणे फुलपाखरू अंडी घालते. बांडगूळ सर्रास छाटणाऱ्यांनी निदान एखादी फांदी तरी राखावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तेव्हा पहिले काम लागवडीचे नसून सभासदांच्या संमतीचे आहे. या बागेतील पाने कुरतडली जाणार, काही झुडपे काही दिवस जवळजवळ निष्पर्ण दिसणार आणि तरीही फवारणी होणार नाही, हे सभेत स्पष्ट शब्दांत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे माळी किंवा कार्यकारिणी बदलली तरी हा निर्णय टिकून राहील. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास लिंबू फुलपाखराला साधारण महिना पुरतो आणि वाढलेले, निरोगी झाड पुन्हा पालवते. रोप अगदी लहान असेल तर मात्र काही अळ्या हलक्या हाताने मोठ्या झाडावर हलवाव्यात.

लागवडीत वर्षभर काही ना काही फुललेले राहील, असे पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी धायटी फुलते आणि तिच्या लाल फुलांवर मधमाश्यांइतकेच शिंजीरही येतात. त्यानंतर करंज, जांभूळ आणि बहावा, पावसाळ्यात तेरडा आणि निर्गुडी, पावसानंतर कोरांटी आणि तरवड, असा क्रम जमतो. अडुळशावर भुंगे हमखास येतात. कुंपणाशी तुळस आणि सब्जा भरपूर लावा, कारण एवढ्या थोड्या जागेत मधमाश्यांना इतके देणारी झाडे विरळाच. खुळखुळा जरूर लावा आणि तो वाळला तरी उपटू नका. प्लेन टायगरसारख्या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या भागांतून अल्कलॉइड नावाची रसायने शोषून घेतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यांपासून तयार करतात. एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात रोपे जवळजवळ लावली, तर कीटकांना ती लवकर सापडतात आणि एका फेरीत पुरेसे अन्नही मिळते.

बहुतेक मधमाश्या पोळे करून राहत नाहीत. त्या एकट्याने राहतात आणि त्यांच्यातील बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यामुळे सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक किंवा दाट हिरवळ न घालता, ऊन येणारा आणि पाणी न साचणारा जमिनीचा एक तुकडा उघडा राहू द्यावा. नळाखालची थोडी माती ओली ठेवली, तर तेथे क्षार शोषण्यासाठी फुलपाखरे जमतात. वाळलेला पाला झुडपांखालीच पडू द्यावा; तो जाळला, तर त्यात दडलेले कोशही जळतात. रोपे विकत घेताना इमिडाक्लोप्रिडसारखे औषध वापरले आहे का, हे विचारा, कारण असे औषध झाडाच्या अंगात मुरते आणि पाने, पराग व मकरंद यांतही उतरते. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत देशी झाडांची रोपे मिळतात. डासांसाठी धूर फवारणी करावी लागत असेल, तर ती या कोपऱ्यापासून दूर ठेवा आणि साचलेले पाणी काढण्यावर अधिक भर द्या.

घाणेरीचे काय करावे, हा प्रश्न पुढे येईलच. तिच्या फुलांवर फुलपाखरे बसतात, हे खरे आहे. परंतु तिची पाने आपल्याकडील फार थोड्या अळ्यांना चालतात, आणि पक्ष्यांमार्फत तिचे बी टेकड्यांवर पोहोचून तेथील गवत व झुडपे झाकून टाकते. देशी झुडपे फुलू लागेपर्यंत तिला फळे धरू देऊ नका आणि त्यानंतर ती मुळासकट काढा.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागले आहे. बागेमुळेच ते आले, असे काही रहिवाशांचे म्हणणे आहे. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आग्या माश्या अन्नासाठी काही किलोमीटर फिरतात आणि पोळ्यासाठी उंच, निवाऱ्याची जागा शोधतात, जवळ बाग नसतानाही उंच इमारतींना मोहोळ लागते. फुलोरा ओसरला की ही वसाहत स्वतःहून स्थलांतर करते आणि पुष्कळदा पुढील हंगामात त्याच जागी परतते. मोहोळ माणसांच्या वावरापासून दूर असेल, तर ते राहू द्यावे, त्या बाजूचा प्रखर दिवा रात्री बंद ठेवावा आणि त्याखाली धूर करू नये. खिडकीशीच असेल, तर माश्या न मारता मोहोळ हलवणारा प्रशिक्षित माणूस बोलवावा. रात्री औषध मारून हजारो माश्या संपवणे हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. डंखाची ॲलर्जी असलेल्या रहिवाशांना मात्र आधीच सावध करावे, आणि डंखानंतर श्वास लागला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाने गावातील ओढ्याकाठी देशी झाडे लावली आहेत. परागीभवन वाढावे म्हणून तेथे मेलिफेरा माश्यांच्या पेट्या ठेवाव्यात का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : मधाचे उत्पन्न हवे असेल, तर पेट्यांचा विचार स्वतंत्रपणे करा, तुमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे आणि तेथील अनुभव पाहण्यासारखा आहे. रानटी परागवाहकांना आधार देण्याचा हेतू असेल, तर मी पेट्या ठेवणार नाही. मेलिफेरा ही बाहेरून आणलेली माशी असून १९६० च्या दशकात ती भारतात स्थिरावली. लहानशा लागवडीत तिच्या अनेक पेट्या ठेवल्या, तर तेथील थोड्याशा मकरंदात सातेरी व फुलोरी या देशी मधमाश्यांना आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांना वाटेकरी वाढतात. शिवाय प्रत्येक पिकाला पोळ्यातील माशी उपयोगी पडते, असे नाही. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतूनच बाहेर येतो; भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवते तेव्हा तो झडतो, आणि पेटीतल्या माशीला हे जमत नाही.

तुमच्या गावात वांगी आणि टोमॅटो होत असतील, तर ओढ्याची मातीची दरड सिमेंटने लिंपू देऊ नका आणि वठलेले एखादे झाड सरपणासाठी तोडू नका, कारण भुंगे त्याच लाकडात घर कोरतात. एका बाजूने पेराने बंद असलेल्या बांबूच्या वीतभर नळ्या जुडी करून बांधावर आडव्या टांगल्यास लहान माश्या त्यांत अंडी घालतात. फक्त नळ्यांची तोंडे पावसाच्या झडीकडे येणार नाहीत, अशी जागा निवडा.