ट्रॅकसाठी गाडी तयार करताना पहिला खर्च कशावर?

प्रश्न : माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, 1.5 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल गाडी आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर ट्रॅक डेसाठी (स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी) ती न्यायची आहे. गॅरेजवाल्याने स्टेज 1 रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणे), मोकळा एक्झॉस्ट आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा सुचवल्या असून एकूण दीड लाख रुपये सांगितले आहेत. रोज कामावरही मी याच गाडीने जातो. हा खर्च करावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या गॅरेजवाल्याने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी गाडीचा वेग किंवा रुबाब वाढवणाऱ्या आहेत, ट्रॅकवर ही गाडी सर्वांत आधी जिथे कमी पडेल, त्या ब्रेकचा त्या यादीत उल्लेखही नाही. 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर ही ताकद 3.7 किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर नवख्या चालकाला पुरून उरते. रीमॅपने त्यात भर पडेल, पण चेन्नईच्या उकाड्यात टर्बोकडून येणारी हवा आधीच तापलेली असते आणि काही फेऱ्यांनंतर इंजिनाचा संगणक स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करू लागतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेले अश्वबळ दोन-चार फेऱ्यांपुरतेच उरते आणि वॉरंटी मात्र कायमची धोक्यात येते. रीमॅप या वर्षी तरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रेकवर पडणारा भार समजून घ्यावा. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी 150 किलोमीटरवरून 70 वर येताना ब्रेकना जी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, ती शहरात 50 वरून पूर्ण थांबताना लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे सातपट असते, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते. रस्त्यासाठी बनवलेले ब्रेक पॅड या तापमानाला पकड सोडू लागतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हे येथे महत्त्वाचे ठरते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा 155 अंश आहे. कोल्हापूरचे दोन पावसाळे पाहिलेले ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर उतरणे म्हणूनच धोक्याचे आहे. जाण्यापूर्वी उच्च उत्कलनबिंदूचे डॉट 4 किंवा डॉट 5.1 ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्यावी. नाव सारखे वाटले तरी सिलिकॉनचे डॉट 5 वेगळे असते. ते यात घालू नये.

त्यानंतर पुढच्या चाकांचे पॅड बदलावेत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले पॅड थोडे करकरतात, डिस्कही जास्त झिजवतात. पण पूर्ण रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत आणि सकाळी कामावर जाताना तेच घातक ठरते. नवे पॅड बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने ब्रेक लावत डिस्कवर घासून बसवून घेतल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये. आपल्या गाडीला मागे ड्रम आहेत म्हणून डिस्क बसवण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. ब्रेक लावताच वजन पुढे सरकते, बहुतेक काम पुढची चाकेच करतात, आणि मागची यंत्रणा बदलल्यास ब्रेकचा समतोल बिघडू शकतो.

टायर मूळ मापाचे, 205/55 आर16, पण चांगल्या पकडीचे घ्यावेत. ट्रॅकवर ते तापून हवेचा दाब बराच वाढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच दाब मोजून वाढलेली हवा कमी करावी, आणि घरी निघण्यापूर्वी ती आठवणीने पुन्हा भरावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे नाक वळणात बाहेर पळते. त्यावर पुढच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकवणारा कोन, वाढवणे हा स्वस्त उपाय आहे, मात्र तो फार वाढवल्यास रोजच्या रस्त्यावर टायरची आतली कड लवकर झिजते. नुसत्या स्प्रिंगा बदलून गाडी खाली आणली, तर मूळ शॉक ॲब्झॉर्बरांना पुरेशी हालचाल उरत नाही आणि गाडी बंप स्टॉपवर (शॉक ॲब्झॉर्बरची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटत चालते. गतिरोधकांचे तर बोलायलाच नको.

इंजिन ऑइल कंपनीने ठरवलेल्या दर्जाचे आणि कमाल खुणेपर्यंत भरलेले असावे. सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारावी. नंतर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावावा.

मोकळ्या एक्झॉस्टविषयी एवढेच सांगतो की, मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए नुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आपण गाडी चालवतच जाणार असाल, तर कोल्हापूरहून राष्ट्रीय महामार्ग 48 धरून ट्रॅकपर्यंतचे सुमारे हजार किलोमीटर अंतर याच गाडीने कापायचे आहे आणि परतही यायचे आहे. शिवाय नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरचे नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागेल, असे धरून चालावे. ब्रेक, टायर आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) यांनंतर जे पैसे उरतील, ते प्रशिक्षकासोबतच्या सत्रांवर खर्च करावेत.

प्रश्न : ट्रॅक डेसाठी गाडीत रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा लोखंडी नळ्यांचा सांगाडा) आणि चार पट्ट्यांचा हार्नेस बसवला तर सुरक्षितता वाढेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रोज वापरायच्या गाडीत वाढण्याऐवजी ती घटेल. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही, त्यामुळे धडकेत डोके केजच्या लोखंडी नळीवर आदळण्याचा धोका असतो. मूळ आसनावर चार पट्ट्यांचा हार्नेस लावल्यास धडकेच्या वेळी कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि शरीर खालून पुढे निसटते; म्हणूनच स्पर्धेच्या गाड्यांत मांड्यांमधून जाणारे पट्टे आणि त्यासाठी बनवलेली आसने असतात. गाडी पूर्णपणे ट्रॅकची होणार नसेल, तर मूळचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा आणि एअरबॅगच ठेवावी. हेल्मेट मात्र मोटारस्पर्धांसाठीचे, स्नेल या संस्थेच्या एसए मानकाचे प्रमाणित घ्यावे, कारण मोटारसायकलच्या हेल्मेटचे अस्तर आगरोधक असण्याची अट नसते.