सूर-शंका : नव्या गाण्यांचं पहिलं ऐकणं

हिंदी चित्रपटाची गाणी बाजारात आली की पत्रांचा ओघ वाढतो. त्यातले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

नवीन चित्रपटाची गाणी पहिल्या दिवशी आवडतात आणि आठवड्याभरात मन उडतं, किंवा नेमकं उलटं होतं. पहिलं ऐकणं कसं करावं? — एक वाचक, सांगली

पहिल्या फेरीत कानावर येतो तो ठेका, गायकाच्या आवाजाचा पोत आणि मुखड्याची एखादी ओळ. ही ओळ टीझरमधून आधीच चार वेळा ऐकवलेली असते, त्यामुळे ती ‘आवडली’ यात ओळखीचा वाटा मोठा. चाल त्यानंतर हळूहळू उलगडते.

म्हणून पहिल्यांदा व्हिडिओ बंद ठेवा. नायिकेचा लेहेंगा आणि परदेशातला पूल यांचे गुण चालीच्या खात्यात जमा होतात. सगळी गाणी ओळीने, मध्ये न थांबवता ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र नको. साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं त्यातून फारसं येतच नाही, म्हणजे बास गिटार आणि डग्ग्याची घुमक गेली. मुखडा तोच असून खालचा बास बदलल्यामुळे दुसऱ्या वेळी गाणं खुलतं, अशा चाली फोनवर सपाट वाटतात. साध्या वायरच्या हेडफोनवरही हा फरक कळतो.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक गाण्यासाठी दोन गोष्टी टिपा. अंतऱ्याला स्वतःची चाल आहे, की मुखड्याचीच ओळ वेगळ्या शब्दांत फिरवली आहे? आणि अंतऱ्याआधीचा वाद्यमेळ काही सांगतो, की नुसती जागा भरतो? अलीकडे बऱ्याच गाण्यांत दुसरा अंतराच नसतो. त्यात वावगं काही नाही, पण मग एका अंतऱ्यावर सगळा भार येतो.

आता फोन बाजूला ठेवा, टेबलावर साध्या आठ मात्रा धरा आणि मुखडा गुणगुणा. ठेका काढून घेतल्यावर हातात काहीच उरलं नाही, तर तुम्हाला आवडलं होतं ते संगीत संयोजन, म्हणजे चालीभोवतीची वाद्यांची मांडणी. त्याला दाद द्यावीच, पण ती संयोजकाच्या नावे. अल्बममध्ये त्याच गाण्याची ‘अनप्लग्ड’ किंवा ‘रिप्राइज’ आवृत्ती असेल तर हीच परीक्षा आयती होते. मत दुसऱ्या दिवशी द्या.

एकाच अल्बममधलं नाचाचं गाणं दणदणीत आणि प्रेमगीत मिळमिळीत वाटलं. दोष गाण्याचा की ध्वनिमुद्रणाचा? — एक वाचक, नाशिक

आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा. एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं गाणं कानाला ‘चांगलं’ वाटतं, जाणत्या कानालाही. स्पॉटिफायमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन आणि ॲपल म्युझिकमध्ये साउंड चेक ही सोय सेटिंगमध्ये सापडेल. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस आहे (एलयूएफएस म्हणजे गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा). नाचाचं गाणं उणे ८ ला तयार केलं असेल, तर ॲप ते ६ डेसिबलने खाली खेचतं. मग खरी गंमत दिसते. सगळं काही आधीच छताला टेकवून दाबलेलं असल्यामुळे ढोलकीच्या थापेला टोक उरलेलं नसतं, आणि जे प्रेमगीत मिळमिळीत वाटत होतं त्यातल्या तबल्याची चाट (कडेवरचा टणक बोल) स्वच्छ ऐकू येते. एक खबरदारी: स्पॉटिफायवर अख्खा अल्बम सलग लावला तर त्यातल्या गाण्यांमधला मूळ फरक ॲप तसाच राखतं. तुलनेसाठी दोन्ही गाणी वेगळ्या प्लेलिस्टमध्ये घ्या.

हल्ली प्रत्येक गायक यंत्रासारखा वाटतो. ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावलंय हे कसं ओळखायचं? — एक वाचक, बडोदा

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐका. गंधारावरून पंचमावर जाताना मोकळा गळा मधली सगळी वाट घासून जातो. सूरदुरुस्तीचा वेग फार ठेवला की तीच वाट जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. मुरकीत, म्हणजे झटकन घेतलेल्या छोट्या स्वरगुच्छात, हे आणखी उघडं पडतं, कारण कणस्वर (मुख्य स्वराला ओझरता लागणारा स्वर) क्षणभरच लागतो आणि यंत्र त्याला जवळच्या सुराला चिकटवून टाकतं. दुसरी खूण लांब स्वराच्या शेवटी मिळते. श्वास संपत आला की गळा किंचित उतरतो. तो अजिबात उतरला नाही, तर हात फिरलेला आहे.

पण घाई नको. एकाच ओळीचे दोन-तीन टेक एकावर एक ठेवले की आवाज जाड आणि चकचकीत होतो, आणि पुष्कळजण त्यालाच ऑटोट्यून म्हणतात. तिथे ‘स’ आणि ‘त’सारखी व्यंजनं किंचित मागेपुढे पडतात, हेडफोनवर नीट कळतं. हळू हाताने केलेली दुरुस्ती तर कानाला सापडतही नाही, आणि सापडत नसेल तर तक्रार कशाची?

‘धडक’ची गाणी आली तेव्हा फिकी वाटली. ‘सैराट’ डोक्यात असल्यामुळे का? — एक वाचक, पुणे

बव्हंशी हो, कारण ‘धडक’ हे मराठी ‘सैराट’चंच हिंदी रूप; आणि हे तपासता येतं. ‘सैराट’मधलं ‘याड लागलं’ आणि ‘धडक’मधलं ‘पहली बार’ या जोडीत संगीतकार अजय-अतुल, चाल तीच, आणि दोन्हीकडे गायक अजय गोगावले. बदलले ते मुख्यतः शब्द. एकच ओळ निवडा आणि लांबवलेला स्वर कोणत्या अक्षरावर येतो ते दोन्हींत पाहा. चालीचं वजन आणि शब्दाचं वजन जिथे एकत्र पडत नाही, तिथेच ते ‘फिकं’ वाटणं सापडेल. २०१६ चं गाणं दोन वर्षं वरातीत वाजल्यावर २०१८ च्या आवृत्तीला कोरा कान मिळणं अवघडच होतं. मराठी न येणाऱ्या मित्राला आधी हिंदी, मग मराठी गाणं ऐकवून त्याचं मत विचारा.

नवं गाणं जुन्यासारखं वाटलं की लगेच ‘चोरी’ म्हणतात. राग एक असला तर असं होतंच ना? — एक वाचक, मडगाव

होतं. ‘नि रे ग’ने सुरू होणारी यमनातली गाणी मोजायला बसू नका. दोन्ही गाण्यांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधा. पट्टी वेगळी असली तरी बिघडत नाही. मग मुखड्याची सरगम मात्रेनुसार एकाखाली एक लिहा. नुसते स्वर जुळले तर तो राग. स्वर, त्यांची लांबी आणि समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) जागा असं तिन्ही सलग दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) जुळलं तर संशयाला जागा आहे. मग श्रेयनामावलीत मूळ संगीतकाराचं नाव दिलंय का ते पाहा. दिलं असेल तर ते रीतसर पुनर्निर्माण आहे, चोरी नाही, आवडणं-नावडणं वेगळं.

लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोन लावले की नवं गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं येतं. — एक वाचक, ठाणे

लॅपटॉपने हेडफोनचा माइक चालू केलाय, म्हणून जोडणी फोनवर बोलण्याच्या पद्धतीत गेली आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करा. तरी सुधारलं नाही, तर हेडफोन काढून पुन्हा जोडा.