जुन्या छोट्या गाडीचं इंजिन उघडण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या

तुमच्या प्रश्नातली माहिती एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. वडिलांनी वापरलेली १८ वर्षांची छोटी पेट्रोल हॅचबॅक, १,४०,००० किलोमीटर झालेली. सकाळी कधीकधी सेल्फ ओढत नाही. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू ठेवलं की, रेस आपोआप वरखाली होते. गर्दीत अडकलं की तापमानाचा काटा चढतो. गॅरेजमध्ये ‘इंजिनचं काम काढावं लागेल’ असं सांगितलंय. हे खरं का, आणि हौस म्हणून स्वतः हात घालायचा तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

या तीन लक्षणांपैकी एकही इंजिन संपल्याचं लक्षण नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की गाडी ऑइल खाते, पिकअप जातो, निळा धूर येतो. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. छोट्या गाड्यांची साधी इंजिनं ऑइल वेळेवर बदललं तर खूप टिकतात. त्यांच्याआधी म्हातारं होतं ते इंजिनाभोवतीचं सगळं: होज पाइप, प्लास्टिकचे जोड, वायरींची टोकं, बुश. गाडी कमी चालली म्हणून रबर तरुण राहत नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत इतकी वर्षं काढलेला होज वरून काळाभोर दिसतो आणि बोटांनी दाबला की करकरतो.

म्हणून पहिली खरेदी पान्यांचा मोठा संच नको, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र घ्या. सकाळच्या तक्रारीपासूनच सुरू करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ दिसले तर बॅटरी अर्ध्यावर आली आहे. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ मिळाले तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ठीक आहे. आणि हे तिन्ही आकडे चांगले असूनही सेल्फ रडत असेल, तर बॅटरीची दुसरी बाजू बघा, अर्थची, म्हणजे निगेटिव्ह खुंटापासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड तारेची.

इथे मी माझाच अनुभव सांगतो, कारण तो मला फार महाग पडला. माझी पहिली जुनी गाडी अशीच सकाळी रुसायची. मी आधी बॅटरी बदलली. आठवडाभर बरं वाटलं. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश बदलले, पुन्हा तेच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं दोन महिने चाललं. शेवटी एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरायला सांगितला आणि स्वतः चावी फिरवली. मीटरवर १.८ व्होल्ट आले. ही दोन टोकं एकाच जाड तारेने जोडलेली असतात, त्यामुळे तिथे ०.२-०.३ च्या वर काही दिसायला नको, ०.५ च्या पुढे गेलं की तार किंवा तिचा जोड खराब. माझ्या गाडीत सेल्फच्या वाट्याचे जवळजवळ दोन व्होल्ट त्या तारेतच जळत होते. मग त्याने ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितला. ती कोमट लागली. अर्थची सरळ वाट बंद झाल्यावर करंट त्या केबलमधून बॉडीकडे वाट काढत होता! तार सोडवून वरचं आवरण चिरलं, तर आत हिरवी भुकटी आणि मोजून पाच-सहा धड तंतू. नवी तार टाकली, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढला, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली. आकडा ०.१ वर आला, आणि ती गाडी पुढे मी विकेपर्यंत सेल्फला कधी अडली नाही.

तेव्हापासून मी मोजल्याशिवाय एकही भाग बदलत नाही. तुम्हीही तसंच करा. अंदाजपंचे भाग बदलत गेलं की पैसे जातात हे एक, पण त्याहून वाईट म्हणजे मूळ दोष कुठे होता ते कळतच नाही, आणि तो पुन्हा येतो.

आता रेस वरखाली होण्याबद्दल. इंजेक्शनच्या गाडीत हे बहुतेक वेळा दोन कारणांनी होतं. इंजिन हवा कुठूनतरी चोरून ओढतंय, किंवा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या भागात, काजळी साचली आहे. पहिल्यासाठी इंजिन आयडलिंगला ठेवा आणि इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना) जाणारे बारीक होज एकेक करून हलवून बघा. सूं असा आवाज कुठे येतो ते ऐका. संशय असलेल्या जोडावर स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी मारा, पण वायरींचे सॉकेट सांभाळून. पाणी मारल्याबरोबर रेस बदलली तर चोर सापडला. काही लोक यासाठी कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारतात. गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं, तुम्ही करू नका. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) जाड पाइप विसरू नका, आणि इंजिनच्या आतले वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही बघा. हा छोटा व्हॉल्व्ह तुंबला की इंजिनमधला दाब वाढतो आणि ऑइल सील, पॅकिंग यांतून तेल पाझरायला लागतं. मग लोक पॅकिंग बदलत बसतात.

थ्रॉटल बॉडी साफ करायची तर क्लीनर कपड्यावर घेऊन पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी चालू असताना त्याची झडप बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांत रेस थोडा वेळ वेडीवाकडी राहते, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जुन्या काजळीच्या हिशोबाने चालत असतो. घाबरू नका.

तुमच्या गाडीला ओबीडीचं, म्हणजे गाडीतले दोष वाचायचं, सॉकेट असेल तर छोटा स्कॅनर घ्या, पण त्याचा कोड वाचायला शिका. पी०१७१ आला म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. तो कोड ऑक्सिजन सेन्सर खराब असल्याचं सांगत नाही. बहुतेक वेळा बिचारा सेन्सर खरं बोलत असतो आणि लोक त्यालाच बदलतात. फाटलेला होज, तुंबलेला पेट्रोल फिल्टर, दमलेला पंप, यांपैकी काहीही असू शकतं. स्पार्क प्लगही काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. चार प्लगांपैकी एकच वेगळा दिसला तर सगळं लक्ष त्या सिलिंडरवर.

प्लग परत बसवताना एक गोष्ट जपा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग पोलादाचा. आटे कोणाचे जाणार हे उघड आहे. इंजिन थंड हवं. प्लग सॉकेट आणि एक्स्टेन्शन नुसत्या बोटांत धरा, आधी उलटं फिरवा. एका ठिकाणी ‘टक’ करून प्लग केसभर खाली बसल्याचं बोटांना कळेल. तिथून सुलटं फिरवायला लागा. तीन-चार फेरे बोटांच्याच जोरावर सहज जायला हवेत. अडलं तर मागे या, पाना लावू नका. ही सवय ॲल्युमिनियममधल्या प्रत्येक बोल्टला लावा, इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या (संपच्या) ड्रेन प्लगला तर नक्कीच.

गंजलेल्या बोल्टचं उलट. तिथे घाई करणारा बोल्टचं डोकं गोल करून बसतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. बारा कोनांचं सॉकेट बाजूला ठेवा, सहा कोनांचं घ्या. ते बोल्टच्या सपाट बाजूंना धरतं. आधी किंचित आवळा, मग सोडवा. सुटायला लागल्यावरही अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं करत या. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड एवढं करूनही तुटतात, म्हणून गरज नसेल तर त्यांना हात लावूच नका.

तापमानाच्या काट्याबद्दल तुम्ही एक फार उपयोगी गोष्ट लिहिली आहे: गर्दीत चढतो, रस्ता मोकळा मिळाला की उतरतो. म्हणजे वाऱ्याचा झोत मिळाला की रेडिएटर आपलं काम करतोय. मग पहिला संशय पंख्यावर. एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला तर मोटर आणि तिची वायर ठीक, आता तापमानाचा सेन्सर किंवा रिले बघा. नाही फिरला तर फ्यूज, मोटर, सॉकेट. उलट हमरस्त्यावर वेगात काटा चढत असता, तर मी रेडिएटर आतून तुंबलाय, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारी झडप) नीट उघडत नाही किंवा वॉटर पंप गेलाय असं म्हटलं असतं. त्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून कूलंटची पातळी बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कधीच नाही. आत दाबाखाली असलेलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, आणि झाकण सैल होताच ते तोंडावर उसळतं. आत गढूळ तपकिरी पाणी दिसलं तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. सिस्टीम धुऊन काढा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा आणि आत अडकलेली हवा काढा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

हेड पॅकिंग, म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय का, ही शंका गॅरेजवाल्याच्या बोलण्यामागे असेल. तिची खूण अशी: कुठेही गळती न दिसता कूलंट कमी होत राहतं, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. आणि इंजिनच्या तब्येतीबद्दल खरंच शंका असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. इंजिन खोलायचं की नाही हे या आकड्यांवर ठरवावं. मोजमाप न करता खोलायला सांगणाऱ्याला मी गाडी देणार नाही.

ब्रेक ऑइल मात्र मोजत बसू नका, सरळ बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. दर २ वर्षांनी बदलायचं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना हाताने सहज सरकतात का बघा. अडकलेली पिन एक पॅड झिजवून टाकते आणि दुसरा तसाच राहतो. तिथे ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

गाडीखाली शिरण्याबद्दल मी कोणाशीही वाद घालत नाही. जॅक फक्त उचलायला असतो. उचलण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडसर लावायचा, उचलल्यावर जॅक स्टँड लावायचे, बॉडीला धक्का देऊन बघायचं, मगच खाली. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबणं, एअरबॅग, एसीचा गॅस ही कामं घरी करू नका. मी इतक्या वर्षांनंतरही करत नाही.

दारांच्या आणि सिलच्या (दारांखालच्या बॉडीच्या पट्टीच्या) खालच्या पाणी जायच्या भोकांतला चिखल तारेने काढून टाका, गंज तिथूनच सुरू होतो. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा.

वरचं सगळं सावकाश केलं तरी चालेल, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टचं मात्र नाही. आधी तुमच्या इंजिनला बेल्ट आहे की चेन ते बघा. बेल्ट असेल तर तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा असतो, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग इंजिनचं काम खरोखरच निघतं. तो बाहेरून धड दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण तिथवर पोचायलाच सगळं खोलावं लागतं. वडिलांच्या कागदांत बेल्ट बदलल्याचं बिल सापडतं का ते आज रात्रीच शोधा. नाही सापडलं, तर बदललेलाच नाही असं धरा आणि नवा बेल्ट पडेपर्यंत गाडी घरीच उभी ठेवा. तोवर मीटर, होज आणि पंखा, तिन्ही तपासून होतील.