घर ‘जप्त’ झालं की ‘संपादित’?

सोलापुरात कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या केलो खटल्याबद्दल (न्यू लंडन शहराने विकास योजनेसाठी लोकांची घरं घेण्यावरून तो झाला) मराठीत वाचताना ‘न्यायाधीशांनी घरांच्या जप्तीला कौल दिला आणि नंतर त्यावरच नाराजी बोलून दाखवली’ असं वाक्य आलं. यात ‘जप्ती’ चालेल का?

नाही चालणार. आणि ‘कौल’ तर त्याहून खटकतो.

‘जप्त’ मूळ अरबी. धरून ठेवणं, ताब्यात ठेवणं हा त्याचा अर्थ. ‘जाबता’ त्याच घरातला. पण मराठीत जप्तीला थकलेल्या देण्याचा किंवा गुन्ह्याचा वास चिकटलाय. हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा निवाडा झाला, तो अमलात आणायची दरखास्त लागली, पैसे भरले नाहीत, की जप्ती येते. लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागात शेजारच्या घरी कोर्टाचा बेलिफ आलेला मला आठवतो. रेडिओ, सायकल, लोखंडी कपाट पंचनाम्यात गेलं. हातमागाला मात्र हात लावला नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कारागिराच्या अवजारांना जप्तीतून वगळतं. घर चालवणारा माग वाचला, तरी काकू पुढे चार दिवस नळावर आल्या नाहीत. ‘जप्ती’ म्हटलं की ती शरम सोबत येते.

केलो खटल्यातल्या, न्यू लंडनच्या घरमालकांनी कुणाचं काही बुडवलं नव्हतं. शहराच्या विकास योजनेसाठी मोबदला देऊन, पण त्यांच्या मर्जीविरुद्ध, घरं घ्यायची होती. याला आपल्याकडे ‘सक्तीचं संपादन’ म्हणतात. ‘सक्तीचं’ गाळू नका, नाहीतर ‘संपादन’ फार सोज्वळ वाटतं. आपण ज्ञानही संपादन करतो आणि विश्वासही. उजनीच्या काठची माणसं या दोन्ही शब्दांच्या वाटेला जात नाहीत. ‘आमची जमीन धरणात गेली’ म्हणतात. कुणावर ठपका नाही, पण गेली ती गेलीच. मला यापेक्षा नेमकं मराठी सुचत नाही.

आता ‘कौल’. देवाला कौल लावतात, मतदार कौल देतात. तिथे देणाऱ्याची मर्जी असते. जून २००५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी झालेला तो बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. ऑगस्टमध्ये वकिलांपुढे बोलताना त्यांनी सांगितलं की ही योजना त्यांना स्वतःला शहाणपणाची वाटत नव्हती, पण कायदा त्यांना त्याच निकालाकडे नेत होता. म्हणजे मर्जी एकीकडे, निकाल दुसरीकडे. ‘कौल’ लिहिलात की हा फरकच पुसला जातो आणि ५-४ हा आकडा निवडणुकीतल्या मतांसारखा दिसू लागतो. न्यायालयात राजकारण शिरलंय का, हा वाद जरूर घाला. पण एका शब्दाच्या चुकीने त्याचं उत्तर आधीच देऊन टाकू नका. ‘नाराजी’ही सैल आहे. स्टीव्हन्स यांना योजना पटली नव्हती. आपल्या निकालापासून ते मागे हटले नव्हते.

मी असं लिहीन: ‘न्यायमूर्तींनी घरांचं सक्तीचं संपादन वैध ठरवलं, ती योजना आपल्याला पटली नव्हती, हे त्यांनी नंतर सांगितलं.’