गुरुवारच्या भिशीआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री पाऊण वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. 'काकू, एक्केचाळिसाव्या वर्षी शून्यावर आलो.' फोन केला असता तर तू 'हो, हो' म्हणत विषय बदलला असतास, म्हणून हे पत्र लिहिते आहे. दोनदा वाच.

आधी पैशाचं बोलते, कारण नोकरीतला तुझा शेवटचा दिवस ३१ तारखेला आहे आणि काही गोष्टी त्याआधीच व्हायला हव्यात. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्यासाठी आत्ताच लेखी अर्ज दे. नव्याने पॉलिसी घेतलीस तर जुन्या आजारांचा खर्च मिळण्याआधीची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, आणि तुला बीपीची गोळी चालू आहे. ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करून ठेव: शेवटचा महिन्याचा बेसिक (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक ६०,००० आणि नोकरी ११ वर्षं धरली तर ३,८०,७६९ रुपये होतात. हे पैसे ३० दिवसांत मिळायला हवेत. तो तुझा हक्क आहे, मागताना संकोच करू नकोस. पीएफ मात्र घाईने रिकामा करू नकोस. पेन्शन योजनेत तुझी १० वर्षं कधीच भरली आहेत, म्हणजे ५८व्या वर्षापासूनचं पेन्शन पक्कं आहे. पीएफची शिल्लक मात्र आज मोडून खाऊ नकोस. आणि घराचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बोल. चुकल्यावर गेलास की बोलणं वेगळंच होतं.

आता शून्याचं.

माझी नोकरी १९९६ साली गेली तेव्हा मी ४३ वर्षांची होते. पिंपरीच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, वीस वर्षं ट्रेसर. तुझ्या पिढीला हा शब्दही माहीत नसेल. डिझायनर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचा आणि आम्ही ते ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचो. बाहेरची रेघ जाड, मापांची बारीक, मधल्या अक्षाची तुटक. चूक झाली की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची, कागद फाटू न देता. मग अमोनियाच्या मशीनवर प्रिंट निघायच्या. तो वास घरी आल्यावरही साडीला असायचा. मला ते काम फार आवडायचं. नंतर ऑटोकॅडचे, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचे, आधी दोन कॉम्प्युटर आले, मग आठ. मला ज्या दुरुस्तीला एक दिवस लागायचा ती दहा मिनिटांत व्हायला लागली. आम्हा सात जणींना व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, कागद दिले गेले. त्या योजनेच्या नावात स्वेच्छा होती, आमच्यापैकी कुणाच्याही मनात नव्हती.

तू ज्या तीन लाखांच्या डेटा सायन्सच्या कोर्सबद्दल विचारलंस, त्याचं उत्तर माझ्या पुढच्या तीन महिन्यांत आहे. मी ऑटोकॅडचा क्लास लावला. चांगला जमलाही. पण त्या कामाला बाविशीची मुलं निम्म्या पगारात मिळत होती. ज्या गोष्टीने माझी जागा घेतली तीच शिकून मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले होते, आणि पुढचे सगळे माझ्याहून वीस वर्षांनी लहान. शिकण्याला माझा विरोध नाही, पुढे बघशीलच. पण भीतीपोटी, आणि तेही कर्ज काढून, कोर्स घेऊ नकोस.

व्हीआरएसचे निम्मे पैसे बँकेत ठेवले आणि उरलेल्यातून कर्वेनगरात एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचा बूथ, टाकला. झेरॉक्स आणि फॅक्सही ठेवला. रात्री अकरानंतर फोनचा दर पाव व्हायचा, तेव्हा रांग लागायची. घर चाललं, पण दिवसभर मीटरकडे बघत बसणं मला पेलत नव्हतं. तुझ्या आईला विचार, ती रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसायची. त्या वेळी मी तिच्याशी धड बोलायचेही नाही.

एकदा एक गृहस्थ फॅक्स करायला आले. जर्मन मशीनचं ड्रॉइंग आणि सोबत इंग्रजी भाषांतराची पानं. पानं सरळ करताना नजर गेली. शाफ्टवरच्या एका भागाला 'फिटिंग स्प्रिंग' लिहिलं होतं. मला जर्मनचं अक्षर येत नव्हतं, पण ड्रॉइंग समोर होतं. शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावी म्हणून खाचेत बसवतात तो चौकोनी तुकडा होता, वर्कशॉपमध्ये ज्याला की म्हणतात. मी म्हटलं, 'ही स्प्रिंग नाही हो, की आहे.' त्यांना पटेना. शेवटी माझ्याच बूथवरून त्यांनी कारखान्यातल्या इंजिनिअरला फोन लावला. मूळ शब्द होता 'पासफेडर'. जर्मनमध्ये फेडर म्हणजे पीसही आणि स्प्रिंगही, आणि पासफेडर म्हणजे की. पुढच्या आठवड्यात ते चार प्रश्न घेऊन आले, मग दर आठवड्याला यायला लागले. एके दिवशी मी विचारलं, मलाच का विचारता? ते म्हणाले, पुण्यात जर्मन येणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यात ड्रॉइंग वाचणारं कुणी सापडत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षं मी समजत होते की माझं काम रेघा मारायचं. रेघा मारायचं काम गेलंच होतं. पण हजारो ड्रॉइंग हाताखालून गेल्यामुळे कोणता भाग कशात बसतो हे मला दिसायला लागलं होतं. ते कुणी काढून घेतलं नव्हतं. मलाच त्याचा पत्ता नव्हता.

१९९८ला, ४५व्या वर्षी, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनला नाव घातलं. वर्गातली मुलं एकोणीस-वीसची, मला काकू म्हणायची. पाठांतरात ती कितीतरी पुढे. 'मुटर' म्हणजे आई एवढंच त्यांना ठाऊक, आणि मला तो नटबोल्टमधला नटही आहे हे कळल्यावर आनंद झाला होता. हे सगळं झटपट झालं असं मात्र समजू नकोस. स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळायला चार वर्षं लागली आणि कारखान्यातल्या पगाराइतकी कमाई व्हायला सहा. तोपर्यंत घर बूथवर आणि काकांच्या पगारावर चाललं. मोबाइल आले आणि बूथ बंद झाला, तेव्हा भाषांतर पायावर उभं होतं. आता भाषांतरही मशीन करतं. दर उतरले आहेत. मी मशीनने केलेली मॅन्युअल तपासते, आणि चूक बहुतेक वेळा ड्रॉइंग शेजारी ठेवल्यावरच दिसते.

तुझं सांगते. तू म्हणतोस, 'मला फक्त टेस्टिंग येतं.' दोन वर्षांपूर्वी काकांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला कॅशलेस नाकारलं, तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या काउंटरसमोर चार तास बसलो होतो. तू वाकडहून आलास आणि फॉर्म मागून घेऊन पाच मिनिटांत बोट ठेवलंस. दुखणं ३ दिवसांचं होतं, फॉर्मवर ३ वर्षं पडलं होतं, म्हणून विमा कंपनीला तो पॉलिसीआधीचा आजार वाटला. डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घेतलीस आणि तासाभरात मंजुरी आली. हे टेस्टिंग नाही रे. इतकी वर्षं क्लेमचं सॉफ्टवेअर तपासून क्लेम कुठे अडतो हे तुझ्या नजरेत बसलंय. सोसायटीतले किती जण तुला त्यासाठीच फोन करतात, ते मोज. गेल्या दोन वर्षांतले सगळे लिहून काढ, अगदी चिठोऱ्यावर.

विमा कंपन्यांचे क्लेम विभाग, त्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीए संस्था, ब्रोकर, मोठ्या हॉस्पिटलांचे इन्शुरन्स डेस्क, या सगळ्यांना अशी नजर लागते. तिथल्या लोकांना आधी फक्त भेट, नोकरी मागू नकोस. त्यांचं रोजचं काम कुठे तुंबतं तेवढं विचार. शिकायचंच असेल तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट आणि असोसिएटच्या परीक्षा आहेत, घरी अभ्यास करून देता येतात. कदाचित तुझी वाट तिसरीकडूनच निघेल. पण सुरुवात त्या चिठोऱ्यापासून कर.

अजून एक गोष्ट, आणि ती मला जड जाते आहे. आईला सांगू नका म्हणालास. परवा ती भाजी घेताना भेटली. तुझ्या प्रमोशनचं काय झालं म्हणून विचारत होती. मी भेंडीचा भाव विचारून वेळ मारून नेली. माझ्या वाईट दिवसांत ही बाई रोज बूथवर माझ्याशेजारी बसली होती, काही न विचारता. तिच्याशी दुसऱ्यांदा असं वागणं मला जमणार नाही. गुरुवारी आमची भिशी आहे, यंदा तिच्याच घरी. त्याआधी तू जाऊन तिला सांग. एकट्याने जमत नसेल तर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये, दोघं मिळून जाऊ. येताना तो चिठोरा आण.

तुझी,
काकू